चव बघणं म्हणजे खाणं नव्हे

...आणि वर म्हणतात, काका, मीठ दिवसाला एक चमचा! एक चमचा म्हणजे कुठला, तर चहाचा. तोही सपाट, वर शीग नको. अहो, तीस वर्षं मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चारशे माणसांचं जेवण शिजवतोय, माझ्या हाताला चमचा ठाऊकच नाही, मी मीठ मुठीनं टाकतो! आणि ही काल-परवाची पोरगी... पोरगी म्हणजे आहारतज्ज्ञ बरं का, पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, टेबलावर प्लॅस्टिकचं केळं आणि प्लॅस्टिकचा टोमॅटो मांडलेला... ती मला चमचा दाखवते. मला! मुख्य आचाऱ्याला!

तुम्हाला सांगतो, मला काही होत नव्हतं. डोकं दुखायचं, बस्स. भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचं डोकं दुखणार नाही तर काय गार पडणार? पण ही, म्हणजे आमची मंडळी, मागेच लागली, म्हणून दवाखान्यात गेलो. तिथे आधी प्रेशर निघालं, प्रेशरवरून रक्त तपासलं, रक्तावरून पोचले थेट किडनीपर्यंत! डॉक्टर म्हणाले, "छत्तीस टक्के काम करताहेत." मी म्हटलं, एक छत्तीस की दोन्ही छत्तीस? म्हणाले, "दोन्ही मिळून." मी म्हटलं, मग बाकीचं चौसष्ट कुठे गेलं? तर शांतपणे म्हणतात, "गेलं ते गेलं. ते परत येत नाही. उरलंय ते टिकवायचं. गोळ्या मी देतो, पण निम्मं काम तुमच्या ताटात आहे." आणि चिठ्ठी लिहून पाठवलं त्या प्लॅस्टिकच्या केळ्याकडे.

आता तुम्ही म्हणाल, नव्हतं ऐकायचं. अहो, न ऐकून सांगू कोणाला? माझा थोरला भाऊ चार वर्षं डायलिसिसच्या मशीनवर आहे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. हाताला दोन सुया, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. पाणीसुद्धा मोजून पितो. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याजवळ स्टुलावर बसतो, आणि दादा डोळे मिटून मला विचारतो, "काल काय केलं होतंस रे?" मी सांगतो, रस्सा केला होता दादा, कांदा चांगला लाल होऊ दिला, मग लसूण, मग टोमॅटो... तो म्हणतो, "लिंबू पिळलंस वरून?" मी म्हणतो, पिळलं. मग तो हळूच ओठांवरून जीभ फिरवतो. जेवणाची नुसती हकिगत ऐकून जेवतो हो माझा भाऊ! आणि त्याच्या शेजारी तसल्याच मशीनची एक खुर्ची आहे, कधीकधी ती रिकामी असते. ती रिकामी दिसली की मी आपला स्टूल हळूच मागे सरकवतो. खोटं कशाला बोलू, मला फार भीती वाटते त्या खुर्चीची.

तेव्हा मी ठरवलं, ऐकायचं. निमूट ऐकायचं. आणि त्या पांढऱ्या कोटवाल्या बाईंनी काय एकेक सांगितलं म्हणता! मीठ चमचाभर. लोणचं बंद. पाकिटातलं खारं बंद. डाळ अर्धी वाटी, कारण म्हणे प्रोटीन जास्त झालं की किडनीला ओझं होतं. मी म्हटलं, मग डाळ सोडूनच देतो. तर म्हणे, "तसं नाही काका, अगदी सोडलंत तर अंगातली ताकद जाईल. मोजून खायचं." म्हणजे खाल्लं तरी चूक, सोडलं तरी चूक! आणि माझ्या रक्तात पोटॅशियम जास्त निघालं, म्हणून बटाटे सोलून, बारीक चिरून, मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घालून उकळायचे, आणि ते पाणी... फेकून द्यायचं! अहो, ज्या पाण्यात सगळा जीव उतरतो ते मोरीत ओतायचं आणि चोथा ताटात घ्यायचा. माझे गुरू, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांनी हे पाहिलं असतं तर मला पातेल्यासकट मोरीत ओतलं असतं.

पण घरात हिने सगळं चोख सांभाळलं. सोन्याचा काटा असतो तसला छोटा काटा आणला. माझं मीठ सकाळी एका पुडीत बांधून ठेवायची, दिवसभर त्यातलंच वापरायचं, संपलं की संपलं. आणि स्वतःसाठी वेगळं काही केलं नाही. मी म्हटलं, अगं तुझ्या किडन्या धडधाकट आहेत, तू का अळणी खातेस? तर म्हणाली, "तुमच्यासमोर बसून चवीचं खाऊ? घशाखाली उतरेल का माझ्या?" दोन महिने, तुम्हाला सांगतो, दोन महिने ती माझ्याबरोबर तो बटाट्याचा चोथा खात होती.

आणि सल्ले देणारे तर काय, रांग लावून उभे! शेजारी म्हणाला, रोज पाच लिटर पाणी पी, किडन्या धुऊन निघतील. बाई म्हणाल्या, अजिबात नाही, किती प्यायचं ते आम्ही सांगू. आणि आमचा मेव्हणा! हिचा धाकटा भाऊ, आमच्याच कॅन्टीनमध्ये कोठी सांभाळतो, काडीसारखा बारीक आणि सदा नाकानं कांदे सोलणारा... तो एक पाकीट घेऊन आला. "भावजी, हे घ्या. किडनीवाल्यांचं मीठ. यात सोडियम कमी आहे." मला तर आनंदानं भरून आलं हो! मी तीन दिवस ते सढळ हातानं खाल्लं. चौथ्या दिवशी बाईंना अभिमानानं पाकीट दाखवलं, तर त्या खुर्चीवरून उठल्याच. "काका! सोडियम कमी करून यात पोटॅशियम घातलंय! तुम्हाला हे मुळीच चालणार नाही! आत्ताच्या आत्ता रक्त द्या!" परत सुई. मेव्हणा म्हणतो, "पाकिटावर हृदयाचं चित्र होतं, मला काय माहीत?"

असो. तर बाईंनी वही दिली. जे जे खाल, ते ते लिहा. मी लिहिलं. अगदी प्रामाणिकपणे लिहिलं. सकाळी एक पोळी, बिनमिठाची. दुपारी घरचा डबा. संध्याकाळी भात, चोथा. कॅन्टीनमधलं एक शीतही नाही! तीस वर्षं जे जेवण चारशे माणसं बोटं चाटत जेवतात, त्याच्यासमोर मी कोपऱ्यात बसून डब्यातला पांढरा बटाटा खायचो. बाईंनी वही वाचली आणि म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखा पेशंट मी पाहिला नाही." मला वाटलं, शाबासकी आहे.

मग त्यांनी ती तपासणी सांगितली. चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये जमवायची. तीही कामाच्या दिवशी! आता मला सांगा, स्वयंपाकघरात काम करणाऱ्या माणसानं हा कॅन न्यायचा कुठे? मी आपला कापडी पिशवीत घालून नेला, कपडे बदलायच्या खोलीत माझ्या कपाटात अगदी मागे दडवला. तर हा मेव्हणा दुपारी चावी शोधायला म्हणून कपाट उघडतो, कॅन उजेडात धरतो आणि तिथून ओरडतो, "भावजी, हे कुठलं तेल आलंय? मला न दाखवता?" सगळी खोली बघतेय! मी म्हटलं, ठेव ते खाली. म्हणतो, "रंग चांगलाय, वास बघू?" मी धावत जाऊन त्याच्या हातातून कॅन हिसकावला.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. बाईंचा चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "काका, वहीत दिवसाला एक चमचा मीठ आहे. आणि रिपोर्ट सांगतोय, तुमच्या पोटात रोज तीन चमचे जातंय." आणि गेल्या खेपेचं ते छत्तीस... ते चौतीस झालं होतं. मला एकदम ती रिकामी खुर्ची दिसली. मी म्हटलं, अहो, मशीन बिघडलं असेल. कोणाचा तरी दुसऱ्याचा कॅन असेल! ही माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती. तीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

 दुसऱ्या दिवसापासून ती माझे खिसे तपासायला लागली. कामावरून आलो की म्हणायची, "आ करा." तोंडाचा वास घ्यायची! मी शपथ घेतली, दादाची शपथ घेतली, म्हटलं, अगं, मी बाहेर घासभरसुद्धा खात नाही. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मी अळणी खातेय ते कोणासाठी? आणि तुम्ही मला फसवता?"  मी खरंच खात नव्हतो! माणसानं चोरी केली असेल तर कबूल तरी करता येते, न केलेली कशी करायची?

मग तिनं काय केलं, तर भावाला पाळतीवर ठेवलं. "एक दिवस भावजींच्या शेजारून हलू नकोस. काय खातात ते मला सांग." आणि तो दिवसभर माझ्या शेजारी! सकाळी सहाला भट्ट्या पेटल्या तेव्हापासून संध्याकाळी पातेली घासायला गेली तोवर. कोठी उघडी टाकून माझ्या खांद्याला खांदा लावून उभा. मी डाळीत मीठ टाकतोय, हा बघतोय. मी रश्श्याची चव बघतोय, हा बघतोय. मी भाताचं शीत दाबून तोंडात टाकतोय, हा बघतोय. संध्याकाळी घरी येऊन, छाती पुढे काढून बहिणीला सांगतो, "ताई, आईशप्पथ! भावजींनी दिवसभरात तोंडात काहीसुद्धा घातलं नाही!"

आणि तो खोटं बोलत नव्हता हो! तोही स्वयंपाकघरातलाच ना! चव बघणं म्हणजे काय खाणं असतं का?

मग आम्ही तिघंही गेलो बाईंकडे. मी, ही आणि माझा साक्षीदार. मेव्हणा म्हणाला, "मॅडम, मी स्वतः पाहिलंय, भावजी उपाशी असतात." बाईंनी पेन खाली ठेवलं. थोडा विचार केला. मग अगदी सहज विचारलं, "काका, चारशे माणसांच्या डाळीत मीठ बरोबर पडलंय, हे तुम्हाला कळतं कसं?"

मी हसलो. म्हटलं, कसं म्हणजे? चव बघून.

बाईंनी पेन परत उचललं. "किती वेळा?" म्हणाल्या. मी म्हटलं, जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा. डाळीत मीठ टाकायच्या आधी एकदा, टाकल्यावर एकदा, उकळी आल्यावर एकदा, मग दुसरी पाळी जेवायला येते तेव्हा ती आटलेली असते म्हणून परत एकदा. रश्श्याचं तसंच. भाजीचं तसंच. आणि हाताखालचे लोक पळी घेऊन येतात, जरा बघा, बरोबर आहे का... त्यांना नाही म्हणायचं? बाई म्हणाल्या, "मग हे वहीत का नाही लिहिलं?" मी म्हटलं, वहीत तर खाल्लेलं लिहायचं होतं ना! चव बघणं म्हणजे काय खाणं असतं का हो?

तर त्या बाईंनी काय करावं? एक झाकणाचा डबा दिला. दोन लिटरचा. म्हणाल्या, "उद्या एक दिवस. जेवढं तोंडात टाकाल, तेवढंच दुसऱ्यांदा काढून या डब्यात टाका. काही बोलू नका, वाद घालू नका, फक्त टाका." मी म्हटलं, टाकतो. तळ तरी झाकला जातोय का बघू!

तुम्हाला सांगतो... सकाळी अकरापर्यंत डबा अर्धा झाला. मी म्हटलं, आज चमचा मोठा घेतला असेल, तर बारीक चमचा घेतला. तीन वाजता पाऊण. मग मी चव बघायचं टाळायला लागलो, पण हात ऐकेना, पातेल्यापाशी उभा राहिलो की हात आपोआप जायचा. मेव्हणा बाजूला उभा राहून मोजत होता, "भावजी, हे डब्यात नाही टाकलं." संध्याकाळी झाकण बसेना! दाबून बसवलं तर कडेनं रस्सा आला.

बाईंनी तो डबा काट्यावर ठेवला. पावणेदोन किलो. मग तीन ताटं मागवली आणि त्यात ते वाढलं. भात, डाळ, रस्सा, भाजी, सगळं एकमेकांत मिसळलेलं... तीन माणसांचं जेवण! मी बघतच राहिलो. तीस वर्षं मी रोज घरी जाऊन सांगायचो, आज कामात घासभर खायला वेळ मिळाला नाही.

ही त्या ताटांकडे बघत होती. मला वाटलं, आता मात्र माझी धडगत नाही. तिनं पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले, मी म्हटलं, रडतेय. पण ती हसत होती. हसता हसता रडत होती. म्हणाली, "म्हणजे तुम्ही खोटं बोलत नव्हता." मी म्हटलं, नव्हतो गं. आणि मला इतकी लाज वाटली म्हणता! खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं असं वाटलं. खोटारड्याला सोडायला खोटेपणा तरी असतो. मी काय सोडू? जीभ?

बाई म्हणाल्या, "सोपं आहे काका. चव घ्या आणि थुंकून टाका." सोपं! अहो, माझ्या गुरूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, स्वयंपाकघरात थुंकलास तर परत इथं पाऊल ठेवायचं नाही. पण म्हटलं, जीव मोठा की गुरू? दुसऱ्या दिवशी मी पातेल्यापासून चार हात लांब जाऊन, पाठ वळवून, डाळीचा चमचा तोंडात घेतला आणि बेसिनमध्ये थुंकलो. नेमकी वाढपाची खिडकी उघडी! बाहेर पहिली पाळी रांगेत उभी! एकजण ओरडला, "आचाऱ्यानंच डाळ थुंकली रे!" झालं. दोन मिनिटांत रांगेच्या टोकापर्यंत बातमी. डाळीत पाल पडली. नाही, पाल नाही, उंदीर. कोणी म्हणे, आचारी ओकला! दोनशे माणसांनी डाळ घेतली नाही. मॅनेजरसाहेब लालबुंद होऊन आत आले, "काय आहे हे?" मी म्हटलं, साहेब, माझी किडनी... म्हणाले, "किडनी पडली डाळीत?"

 शेवटी साहेबांनीच निकाल दिला. तुम्ही रांधा, चव दुसरा कोणीतरी बघेल. दुसरा कोण? तर मेव्हणा पुढे झाला. "भावजी, मी आहे ना! माझी तब्येत ठणठणीत. मला कसला आजार होतोय?"

आणि मग सुरू झाले माझे हाल. अहो, स्वतःच्या पातेल्यासमोर तोंड मिटून उभं राहायचं! मीठ टाकायचं आणि या काडीच्या तोंडाकडे बघत बसायचं. हा चमचा तोंडात घालतो, डोळे मिटतो, जीभ टाळ्याला लावतो... "भावजी, अजून एकदा बघतो, नीट कळलं नाही." परत चमचा. "जरा भाताबरोबर बघू का? नुसत्या डाळीचा अंदाज येत नाही." मग भात. पहिल्या आठवड्यात चमच्याची वाटी झाली. पुढच्या महिन्यात तो पातेल्याशेजारी स्टूल घेऊन बसायला लागला. आणि वर मला शिकवायचा, "भावजी, तुमचा हात जरा कमी पडायला लागलाय, घाला अजून अर्धी मूठ!" मी घालायचो. काय करणार? माझ्या जिभेला तर कोणी विचारतच नव्हतं.

पण मी सोसलं. तीन महिने. वहीत खरं लिहिलं. परवा रिपोर्ट आला. पोटात जाणारं मीठ तीन चमच्यांवरून सव्वावर. प्रेशर खाली. आणि किडनी... चौतीस. मी म्हटलं, वाढली नाही? बाई टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या! "काका, घसरली नाही! जिथल्या तिथे आहे! फार छान!" शाळेत एवढ्याच मार्कांना मी नापास झालो होतो, वडिलांनी छडी मोडली होती, आणि इथे माझी बायको डोळे पुसतेय, बाई हात मिळवताहेत. तीन महिने जीव टाकून मेहनत कशासाठी केली, तर काही होऊ नये यासाठी! संध्याकाळी दादाकडे गेलो. त्याला आकडा सांगितला. त्यानं डोळे न उघडता माझा हात धरला. म्हणाला, "सांभाळ. मला कोणी वेळेवर सांगितलं नाही." मी त्याला त्या दिवशी रश्श्याचं काही सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

तर इथवर सगळं ठीक होतं. काल कारखान्यात सगळ्यांची वार्षिक तपासणी झाली. दुपारी मेव्हणा माझ्याकडे आला. चेहरा पांढराफटक. हातात कागद. प्रेशर एकशे ऐंशी, लघवीत प्रोटीन जातंय, किडनीच्या पुढच्या तपासण्या करा म्हणून लिहिलेलं. पोट बघितलं तर शर्टाची दोन बटणं लागत नव्हती. माझं इतके दिवस लक्षच नव्हतं हो! म्हणाला, "भावजी, डॉक्टर विचारतात, मीठ फार खाता का? मी म्हटलं, आईशप्पथ नाही! घरी जे वाढतात तेच खातो. बाहेर घासभर नाही!" आणि मग रडवेला होऊन माझ्याकडे बघत म्हणाला...

"चव बघणं म्हणजे काय खाणं असतं का हो, भावजी?"

 मी कपाट उघडलं, मागून तो झाकणाचा डबा काढला, धुतला, पुसला, आणि त्याच्या हातात दिला.

आता उद्या सकाळी सहाला भट्ट्या पेटणार. चारशे माणसं जेवायला येणार. माझं तोंड बंद, त्याचं तोंड बंद. साहेब म्हणतात, कोणीतरी तिसरा शोधा. तेव्हा म्हटलं, तुम्हालाच विचारावं... तुमच्यापैकी कोणी मोकळं आहे का? फार काही नाही हो. खायचं नाही, प्यायचं नाही... नुसती चव बघायची.